पुणे कॅम्पातला पियानो, साल १८७६: विकत, भाड्याने की लिलावात?

शिसवीपेटी

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिते आहे. काळ १८७६, स्थळ पुणे कॅम्प. एका लष्करी डॉक्टराच्या बंगल्यात पियानो येतो आणि पुढचे दोन पावसाळे तिथेच राहतो. तीन गोष्टी पक्क्या हव्या आहेत. असा माणूस पियानो नवा घेईल, भाड्याने आणेल की लिलावात उचलेल? मुंबईहून पुण्याला तो कसा येईल? आणि पावसाळ्यात त्याचं नेमकं काय बिघडेल? "पियानो बेसूर झाला" एवढ्यावर भागवायचं नाहीये. ऐन वाजवताना कोणता भाग दगा देतो, ते हवंय.

जुनंदप्तर

आधी पैशाचं बघू, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल.

लंडनचा मध्यम प्रतीचा कॉटेज पियानो (भिंतीशी ठेवायचा बुटका, उभा पियानो) चाळीस गिनी धरा, म्हणजे ४२ पौंड. रुपया दोन शिलिंगांचा, म्हणजे चोवीस पेन्सांचा होता तोवर याचे ४२० रुपये होत. १८७३ नंतर चांदी घसरली. १८७६ च्या सुमारास रुपया वीस-साडेवीस पेन्सांवर आला, म्हणजे तीच वस्तू पाचशेच्या घरात गेली. त्यावर जहाजाचं भाडं, विमा, पाच टक्के जकात (१८७५ पर्यंत ती साडेसात होती) आणि मुंबईच्या दुकानदाराचा नफा. १८९० च्या दशकात रुपया सोळा पेन्सांच्याही खाली गेला, तेव्हा तर हे गणित अजून बिघडलं. पगार रुपयांत आणि माल पौंडांत, ही त्या काळच्या गोऱ्या नोकरदारांची कायमची रड होती.

त्यात बदल्या. आज पुणे, उद्या अहमदनगर, परवा थेट एडन. म्हणून तुमचा डॉक्टर शहाणा असेल तर भाड्याने घेईल, नाहीतर एखाद्या बदली झालेल्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात उचलेल. सरकारचा मुक्काम उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला असे, त्यामुळे जून ते ऑक्टोबर कॅम्पात नाच, मेजवान्या, घोड्यांच्या शर्यती सगळं एकदम. पियानोला मागणी त्याच पाच महिन्यांत. उलट महाबळेश्वरचे बंगले पावसाआधी गवताने शाकारून बंद करत, तिथे पियानो ठेवून येणं म्हणजे तो सोडून दिल्यात जमा.

गिऱ्हाईक फक्त गोरे होते असंही समजू नका. मुंबईच्या आणि पुण्याच्या श्रीमंत पारशी घरांत पियानो होते. शिकवणारे, वाजवणारे बरेचसे गोव्याचे, तिथल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेले. वाद्यांच्या दुकानांत मुंबईचं फुर्टाडो १८६५ चं, मद्रासचं मिस्किथ त्याहून जुनं, १८४२ चं.

वाहतूक: बोरघाटाची रेल्वे १८६३ ला सुरू झाली. त्याआधीची कथा असती तर खोपोली ते खंडाळा घाट हमाल-बैलांच्या जोरावर चढवावा लागला असता. १८७६ ला पियानोचं खोकं मुंबईत गाडीत चढतं आणि पुणे स्टेशनात उतरतं, तिथून कॅम्प बैलगाडीने. सुएझ १८६९ ला उघडल्यामुळे लंडनहूनही आगबोटीने महिनाभरात माल येई. पूर्वी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-पाच महिने लागत.

खुंटीपान्हा

पियानोच्या बांधणीचं थोडं सांगतो. "हिंदुस्थानच्या हवेसाठी तयार केलेला" म्हणून जो पियानो विकला जाई, त्यात नुसत्या सरसावर (कातड्या-हाडांपासून केलेल्या चिकट पदार्थावर) भरवसा नसे. जोड पितळी स्क्रूंनी आवळलेले, पट्ट्यांवरचं हस्तिदंतसुद्धा बारीक पितळी खिळ्यांनी ठोकलेलं. बाहेरचं लाकूड भरीव महॉगनी किंवा अक्रोड, वरून पातळ पापुद्रा चिकटवलेलं नाही. खोक्याला आतून जस्ताचा किंवा कथलाचा पत्रा, सांधे झाळून बंद केलेले. लिलावात घेताना तुमच्या डॉक्टराने पहिल्यांदा पट्ट्यांच्या पुढच्या टोकाला ते खिळे दिसतात का हे पाहावं. मग वरचं झाकण उघडून तारा ताणणाऱ्या खुंट्या, मग तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा नमदा (दाबलेली लोकर). कसर लागलेली असेल तर नमद्यावर खाचा आणि खाली राखाडी भुगा दिसतो.

उचलायला दोनशे किलोच्या आसपास. हमालांनी तळाच्या फळीखालून दोर घ्यायचे. पुढचे कोरीव पाय धरून उचलला की पाय हातात येतात, ते मुख्यतः शोभेचे असतात.

आता दगा कोण देतं? त्या वेळच्या इंग्लिश कॉटेज पियानोत पट्टी आणि हातोडी यांच्या मध्ये लांब, सडपातळ लाकडी काठी असते. तिचं वरचं टोक हातोडीच्या बुडाला मऊ कातड्याच्या चिंधीने सरस लावून जोडलेलं. जुलैच्या दमटपणात सरस सैल पडतो आणि कातडं सुटतं. मग पट्टी खाली जाते, आतून लाकडाचा नुसता "टक्" येतो, सूर नाही. कथेत हेच वापरा.

दुसरा प्रकार याच्या उलटा. सूर थांबतच नाही. तार दाबून गप्प करणारा दाब-पॅड ज्या बारीक पिनेवर फिरतो, तिच्याभोवतीचं कापड फुगतं, पॅड अर्ध्यात अडकतो आणि आधीचा सूर पुढच्यात मिसळत राहतो. हातोडीच्या पिनेचंही तेच होतं, जलद लयीत तोच सूर पुन्हा वाजवला की दुसरा गळतो.

दुरुस्ती: कातड्याचं काम असेल तर जुना सरस कोमट पाण्याने पुसून काढायचा, नवी चिंधी कापायची. सरसाचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, उकळू द्यायचं नाही, उकळला की चिकटपणा जातो. पावसाळ्यात एक अख्खा दिवस दाबून ठेवायचं. पट्टी अडकत असेल तर तिच्या भोकातलं कापड चिमट्याने जरा दाबून सैल करायचं, पिनेवर काळं शिसं (पेन्सिलीतलं, म्हणजे ग्राफाइट) नाहीतर शंखजिऱ्याची पूड. लाकूड तासायचं नाही, नाहीतर तीच पट्टी मार्चमध्ये खडखडते. आणि तेल कधीही नाही! घरोघरी हाच घात होतो. तेलाने कापड अजून फुगतं आणि वर्षभरात चिकट खळ होते.

शिसवीपेटी

"टक्" मिळाला, फार उपयोगी! मग सुरांचं काय? पावसात तारा ढिल्या पडून सूर उतरतात, असं दाखवू का?

खुंटीपान्हा

उलटं आहे ते. दमटपणात तारेखालचा सुराचा फळा, म्हणजे साउंडबोर्ड, फुगून वर येतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतात, मधल्या सप्तकात सगळ्यात जास्त. उतरतात ते उन्हाळ्यात. म्हणून जाणकार माणूस मृगाच्या पहिल्या सरीवर पियानो लावून घेत नाही. हवा स्थिरावू देतो, जुलैअखेर एकदा आणि नोव्हेंबरात एकदा. लावणाऱ्याकडे सूर जुळवायचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क), लावायचा पान्हा (खुंट्यांची डोकी लांबट की चौकोनी हे आधी बघून, एकाचा पान्हा दुसऱ्याला बसत नाही), आणि दुहेरी तारेतली एक गप्प करायला कातड्याच्या पाचरा. तारा गंजलेल्या असतील तर जुना पियानो अर्धा सूर खालीच लावतात. वर ओढायला गेलं की खुंटीजवळच्या वळशात तार तुटते.

डेक्कनकॉर्नर

सगळं छान चाललंय, पण तुमच्या सालाकडे कुणी पाहिलं का? १८७६ चा पाऊस दख्खनेत ओढला. त्यातूनच १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांना जबर बसला. त्या वर्षी कॅम्पात धो-धो पाऊस आणि सुटलेला सरस दाखवलात तर कुणीतरी पत्र पाठवेलच.

तसंही पियानोच्या दृष्टीने पुणं मुंबईपेक्षा वाईट, असं माझं मत. मुंबईची हवा खारी, तारांना गंज लवकर, पण दमटपणा बारा महिने थोड्याफार फरकाने तोच. पुण्यात एप्रिलच्या दुपारी लाकूड कडकडीत वाळतं आणि ऑगस्टमध्ये भिजतं. हा हेलकावा लाकडाला सोसत नाही. कोरड्या सालात दोन गोष्टी दाखवा. एक, साउंडबोर्डला उभी चीर जाते आणि फळ्याच्या पाठीला चिकटवलेली आधाराची लाकडी पट्टी सुटली असेल तर ठराविक सुरावर झर्र आवाज येतो, बाकी सूर स्वच्छ. दोन, खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते आकसतं, खुंटी पकड सोडते, सकाळी लावलेला सूर संध्याकाळी उतरलेला. यावर उपाय म्हणजे खुंटी हातोडीने जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत ठोकणं. तेवढ्याने भागलं नाही तर ती काढून भोकात कागदाचं नाहीतर काचकागदाचं अस्तर, नाहीतर एक नंबर जाड खुंटी.

वाळवीचंही लिहा. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवायचा नाही, मागे हात जाईल एवढी जागा ठेवायची. मागच्या बाजूने मातीची बोटभर जाड रेघ चढताना दिसली की समजायचं. आत कापराची पुरचुंडी आणि कडुनिंबाचा पाला कसरीसाठी. वाळवीवर त्याचा परिणाम नाही.

शिसवीपेटी

दुष्काळाचं लक्षातच आलं नव्हतं, आता उलट तेच कथेच्या मध्यावर घेते. एकच विचारते: भाड्याचा पियानो असा चिरला तर भरपाई कुणाची?

जुनंदप्तर

हीच तर भांडणाची जागा. भाड्याने घेताना दोन गोष्टी कागदावर हव्यात: नेण्या-आणण्याचा खर्च कुणाकडे, आणि सूर लावण्याचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा. हवेने झालेली चीर ही झीज की निष्काळजीपणा, यावर दुकानदार आणि भाडेकरू यांचं कधी पटणार नाही. दुकानदार विचारेल, पियानो पश्चिमेच्या भिंतीशी ठेवला होता का, रात्री व्हरांड्याची दारं उघडी राहिली का, वर फुलदाणी होती का. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी वर पाण्याची फुलदाणी ठेवलेली असूच द्या, म्हणजे तिच्याकडे उत्तर राहणार नाही. इंग्लंडात तेव्हा तीन वर्षं हप्ते भरले की पियानो आपला, अशीही पद्धत रुळलेली होती. डॉक्टराने तशा बोलीवर घेतला असेल तर वर्षभरात चीर पडूनही उरलेले हप्ते त्याच्याच डोक्यावर.