मुलांच्या सुट्टीतल्या पार्टीचा खाऊ : तुमचे अनुभव लिहा

काल ड्रॉवर आवरताना चांदणीचा साचा सापडला आणि मुलं लहान असतानाच्या सुट्टीतल्या पार्ट्या आठवल्या. त्या साच्याने कलिंगड कापायचे मी, उरलेले वेडेवाकडे तुकडे आम्ही मोठी माणसं ओट्याशी उभं राहूनच फस्त करायचो. तेच कलिंगड साध्या फोडी करून ठेवलं तर कोणी ढुंकून बघायचं नाही! आता भाचीच्या पोरांची पार्टी माझ्याकडे आहे, तळलेलं आणि क्रीमचं सोडून काय काय चाललंय तुमच्याकडे?

खमंग_फोडणी : पॉपकॉर्न! घरी पातेल्यात, चमचाभर तेल, मीठ कमी. पण चार वर्षांखालची कोणी असतील तर नको, घशात अडकतात. द्राक्षंसुद्धा अख्खी नाही द्यायची, उभी चिरून चार भाग. आमच्याकडे एका डॉक्टर पाहुण्यांनी द्राक्षांची वाटीच उचलून नेली होती, आधी राग आला मग कारण कळलं

झोपाळू_मांजर : पौष्टिक आहे म्हणून सांगायचंच नाही. संपला विषय.

आकडेमोड : साखरेऐवजी मध घातला की आपण लगेच हेल्दी म्हणून मोकळे. डब्ल्यूएचओ वरून घातलेल्या साखरेत मधही धरतं आणि फळांचा रससुद्धा, अख्खं फळ धरत नाही. दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत म्हणतात, जमलं तर ५. कोलाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्येच ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणून आम्ही पाण्याच्या जगमध्ये संत्र्याच्या चकत्या आणि पुदिना टाकून ठेवतो, रंगीत ग्लास दिले की पोरं पितात

झोपाळू_मांजर : साखर खाऊन पोरं उधळतात त्याचं काय मग

आकडेमोड : ते नाही हो सिद्ध झालेलं. १९९५ साली जामा (JAMA) या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितलं होतं, वागण्यात फरक सापडला नाही. पार्टीच असते, उधळणारच

दोन_पोरांची_आई : हे माझ्या सासूबाईंना सांगा कोणीतरी 😂

खमंग_फोडणी : +१ आणि फुगे फुटल्यावर जी रडारड होते त्याचं पण

दोन_पोरांची_आई : आमचं हिट म्हणजे दह्याच्या कांड्या. दही फडक्यात टांगून पाणी निथळू द्यायचं, त्यात खूप पिकलेलं केळं घोटायचं (डाग पडलेलं घ्या, साखर लागत नाही), साच्यात भरून रात्रभर फ्रीजरला. पाणी राहिलं तर बर्फ कचकचतो. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध कशातच नको. बाकी नंतर लिहिते कुकर झाला

नुसतीच_वाचक : सफरचंद काळं पडतं त्याला काय करता? आणि शेंगदाण्याची चटणी लावलेली चालते का

खमंग_फोडणी : लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढा. शेंगदाणे मात्र पालकांना विचारल्याशिवाय अजिबात नको, अ‍ॅलर्जी असते, आमंत्रणाच्या मेसेजमध्येच विचारून टाकायचं

दोन_पोरांची_आई : आले परत. पोरांनाच काकडी, गाजराच्या किसाचे चेहरे बनवायला लावा, स्वतः केलेलं निमूट खातात. गाजराच्या कच्च्या चकत्या मात्र छोट्यांना नको, किसूनच

झोपाळू_मांजर : आमच्याकडे तो चेहरा कुत्र्याने खाल्ला

नुसतीच_वाचक : कुठला कुत्रा आहे? फोटो टाका ना!!