‘थ्री विमेन’: माणूस असा बदलतो का?

मांडवीकाठची: अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनचा १९७७चा चित्रपट ‘थ्री विमेन’ काल पुन्हा पाहिला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात म्हाताऱ्यांसाठी उपचारकेंद्र. तिथल्या मिलीकडे नवी आलेली पिंकी राहायला जाते. मिली अखंड बोलते, ऐकत कोणी नाही. पिंकी मात्र तिला डोळ्यांत साठवत असते. एका रात्री पिंकी कठड्यावरून तरणतलावात उडी घेते. बेशुद्धीतून उठते ती मिलीसारखी होऊन. भेटायला आलेल्या आईबापांनाही ओळखत नाही. तिसरी विली, गरोदर, फारसं न बोलणारी, तलावाच्या तळाशी भयाण चित्रं रंगवणारी.

लोक याला अगम्य म्हणतात. मला तो घरातला वाटला. आपल्या गोव्यात लग्नाच्या दिवशी तांदळांत अंगठीनं बाईचं नवं नाव लिहितात. माझ्या आईला माहेरच्या नावानं हाक मारली की ती वेगळ्याच आवाजात ‘ओ’ देते. मी तो आवाज तिच्या सासरी कधी ऐकला नाही. पिंकीचं खरं नावही मिलीसारखंच मिल्ड्रेड आहे, हे विसरू नका.

डिचोलीकर: साफ अमान्य. तुमच्या आईच्या नावामागे भटजी, सासर, अख्खा गाव उभा होता. पिंकीला कोणी बदलायला लावलं? बेशुद्धी ही दिग्दर्शकाची पळवाट आहे. चित्रपट स्वप्नात सुचला, हे ऑल्टमननंच सांगितलंय. म्हणजे एका पुरुषाचं बायकांविषयीचं स्वप्न! स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा १९६६चा ‘पर्सोना’ बघा. अबोल नटीपुढे तिची नर्स मन मोकळं करत जाते, मग नटीचं पत्र वाचून दुखावते. पायरी न् पायरी दिसते.

मांडवीकाठची: पायऱ्या इथंही आहेत, फक्त त्या मिलीच्या आहेत. गाडीच्या दारात दरवेळी अडकणारा तिचा झगा, पाहुण्यांसाठी मांडलेलं जेवण आणि न आलेले पाहुणे. पिंकी चोरून वाचते ती मिलीची डायरी, मिली झालेल्या शेली डुवालनं स्वतः लिहिली होती. त्या भूमिकेला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. नुसतं पुरुषाचं स्वप्न कसं म्हणता?

पेडण्याची: मला दोघांचंही पटत नाही. आमच्याकडे पौषात धालो असतात, बायकांनी रात्री गाण्या-नाचण्याचा उत्सव. शेवटच्या रात्री मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, बायकांच्या अंगात रंभा येते. माझी मावशी तेव्हा घरच्यांनासुद्धा ओळखायची नाही. सकाळी तीच चुलीपुढे. दुसरं कोणी होण्याची भीती आम्हाला नव्हती, कारण परत आणायला मांड होता, गाणाऱ्या बायका होत्या. चित्रपटात मला छळलं ते हे: यांना परत हाक मारणारं कोणीच नाही. विलीचा नवरा मेल्यावर तिघी एकत्र राहतात, तर पुन्हा आई-मुलीचंच घर मांडतात आणि मिली पिंकीवर खेकसते.

डिचोलीकर: मांडाचं मान्य. माझ्या मनात राहिला तो एकच प्रसंग. विलीला कळा येतात, मिली पिंकीला डॉक्टर आणायला पाठवते, आणि पिंकी बाहेर नुसती बघत उभी राहते. मूल मेलेलं जन्मतं. मिली पिंकीला थोबाडीत मारते. असे प्रसंग आणखी हवे होते.

मांडवीकाठची: पण पिंकी तिथं का हलत नाही? रोजची मिली असती तर डॉक्टरकडे धावली असती. बोलणं, कपडे, डायरी, सगळं उचललं पिंकीनं. ते धावणं तेवढं उचलता आलं नाही.