मदत हवी आहे: क्लोरीन भरपूर, तरी पूल हिरवाच

हिरवळ_नको
बंगल्याचा पूल हिरवागार झालाय. क्लोरीन टाकून टाकून थकलो. टेस्ट किटमध्ये रंग गडद पिवळा येतो, म्हणजे क्लोरीन आहेच. तरी शेवाळ हटत नाही. शनिवारी पाहुणे आहेत. नक्की काय टाकू ते सांगा, लेक्चर नको.

तळ्यात_मळ्यात
लांबी, रुंदी, खोली? क्लोरीन म्हणजे नक्की कुठलं? पीएच किती? पाणी बोअरचं की टँकरचं? पंप रोज किती तास चालतो?

बादशहा_७७
पाव किलो मोरचूद जुन्या कापडात बांधून पुलात लोंबकळत ठेवा. सकाळी शेवाळ तळाला. द्राक्षबागेत चालतं तर इथे का नाही चालणार?

नीलहौद
बादशहा, द्राक्षवेलीला कोणी पोहायला पाठवत नाही. मोरचुदात एक चतुर्थांश तांबं असतं. घरगुती पुलात पाव किलो टाकलंत तर तांबं दीड-दोन पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास जाईल. तांब्याच्या शेवाळनाशकांत लागतं साधारण 0.2 ते 0.4. बोअरच्या जड पाण्यात बरंचसं तांबं कार्बोनेट होऊन टाइल्सच्या सांध्यांत बसतं. ते निळसर-काळे डाग घासून जात नाहीत. पांढऱ्या केसांवर हिरवी झाक येते ती वेगळीच.

हिरवळ_नको
साडेसात बाय चार मीटर. एका टोकाला 0.9, दुसऱ्याला दीड मीटर. उरुळी कांचनजवळ आहे, पाणी बोअरचं. क्लोरीन म्हणजे पुलाचं नेहमीचं, पांढऱ्या बादलीतलं. पीएच पट्टीवर 8 च्या वर. पंप दोन तास. आता सांगा.

तळ्यात_मळ्यात
पांढरी बादली म्हणजे टीसीसीए 90 (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) असणार. लेबल बघा. गोळ्या की दाणेदार? तरंगत्या डब्यात ठेवता का? पूल शेवटचा कधी रिकामा केला होता?

हिरवळ_नको
हो, टीसीसीए. गोळ्या डब्यात, वरून दाणेदार. पाणी बांधकामापासून तेच आहे, उन्हाने कमी होतं तेवढं वरून भरतो. याचा शेवाळाशी काय संबंध?

तळ्यात_मळ्यात
सगळाच संबंध आहे. टीसीसीएमध्ये क्लोरीन सायन्युरिक ॲसिडला बांधून येतो. क्लोरीन खर्च होतो, सायन्युरिक पाण्यातच राहतं. तुमचा पूल 36 हजार लिटरचा आहे. त्यात एक किलो टीसीसीए टाकलं की सायन्युरिक साधारण 15 पीपीएमने वाढतं, म्हणजे पाच किलोच्या एका बादलीमागे 75. बाष्पीभवनात पाणी उडतं, सायन्युरिक उडत नाही, बोअरचा क्षारही नाही.

सायन्युरिक 30 ते 50 असेल तर बरं, ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं. शंभरावर गेलं की क्लोरीन किटमध्ये दिसतो पण शेवाळ मारण्याइतका मोकळा राहत नाही. शेवाळ रोखायला फ्री (किटवर मोकळा म्हणून मोजला जाणारा) क्लोरीन सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के लागतो, वाढलेलं शेवाळ मारायला चाळीस टक्के. सायन्युरिक 160 असेल तर 64 पीपीएम क्लोरीन धरून ठेवावा लागेल, आणि तो घरगुती पुलात धरणं व्यवहार्य नाही.

शिवाय तुमचं पिवळं किट ऑर्थोटोलिडीन या रसायनाचं आहे. ते एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळा किती ते नाही. डीपीडी या दुसऱ्या रसायनाचं, थेंब मोजायचं किट घ्या. गुलाबी रंग जुळवण्याचं डीपीडी क्लोरीन फार चढला तर रंग उडवून टाकतं आणि माणूस शून्य समजून आणखी ओततो.

केमिकल_लोच्या
एवढं कशाला? बारा टक्केवाला हायपो (द्रव क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट) पंधरा लिटर ओता, रात्रभर पंप लावा, सकाळी तुरटी. आमच्या लाइनीत सगळे हेच करतात.

नीलहौद
तुमच्या लाइनीतले पंधरा दिवसांनी त्याच पुलावर परत जातात आणि परत बिल लावतात. पंधरा लिटरात पाणी दोन दिवस निळं दिसेल. पाण्यातलं सायन्युरिक जागचं हलणार नाही.

केमिकल_लोच्या
मग टँकरचे पैसे तुम्ही देणार का?

कर्जतकर
आमच्याकडे पण टीसीसीएच वापरतात, कधी त्रास नाही. सायन्युरिक वगैरे उगाच भीती घालतात.

तळ्यात_मळ्यात
कर्जतला पावसाळ्यात तीन मीटरच्या वर पाऊस पडतो. तुमचा पूल दर वर्षी ओसंडून आपोआप धुतला जातो. उरुळीला त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा पाऊस, तोही उन्हाळ्यात उडालेलं पाणी भरून काढण्यात संपतो.

हिरवळ_नको
सायन्युरिक किटने मोजलं. पुलाचं पाणी साध्या पाण्याने अर्धं पातळ केलं, गढूळ होणाऱ्या नळीतला काळा ठिपका 80 च्या खुणेला दिसेनासा झाला. म्हणजे 160? आता पाणी बदलू की नको, एकच सांगा.

तळ्यात_मळ्यात
हो, 160. पाणी बदला. 40 वर आणायला तीन चतुर्थांश, म्हणजे 27 हजार लिटर. दहा हजारी तीन टँकर धरा. टँकरवाल्याला पाणी कुठलं ते विचारा, पुष्कळदा तेही बोअरचंच असतं. पूल पूर्ण कोरडा करू नका. एप्रिलच्या उन्हात रिकाम्या टाकीच्या टाइल्स सुटतात, आणि पावसाळ्यात भूजल वर असताना तर अख्खी टाकी खालून उचलली जाते.

पाणी भरल्यावर या क्रमाने:

आधी पीएच 7.2 वर. 30–33 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक घ्या, रंगीत बाथरूम ॲसिड नको. एका वेळी अर्धा लिटर, बादलीभर पाण्यात ॲसिड ओतून (ॲसिडात पाणी नाही), पंप चालू ठेवून परतीच्या तोंडापाशी (फिल्टरचं पाणी पुलात परत येतं तिथे). तासाभराने मोजा. पीएच आधीच का, तर क्लोरीन 10 पीपीएमच्या वर गेला की पीएचचं किट खोटं जांभळं दाखवतं.

मग द्रव हायपो. 36 हजार लिटरात एक पीपीएमला 36 ग्रॅम क्लोरीन लागतो. लक्ष्य 16, म्हणजे सायन्युरिक 40 च्या चाळीस टक्के. कॅनवर बारा टक्के लिहिलेलं असलं तरी उन्हात ठेवलेला माल आठच धरा, म्हणजे सुमारे सात लिटर. सूर्यास्तानंतर. पंप 24 तास.

भिंती ब्रशने रोज घासा, नुसतं रसायन शेवाळाच्या चिकट थराखाली पोचत नाही. पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी मोजून क्लोरीन 16 वर परत आणत राहा. एकदाच ओतून वाट पाहिली की उरलेलं शेवाळ पुन्हा उभं राहतं.

फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्ध्या बारने वाढला की बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुणं), मग अर्धा मिनिट रिन्स. मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या दिशा बदलायच्या व्हॉल्व्हचा) दांडा पंप बंद करूनच फिरवा, नाहीतर आतली गॅस्केट फाटते.

केमिकल_लोच्या
तुरटी मात्र शेवटी लागेलच. मुद्दा मान्य करा.

नीलहौद
मान्य, पण शेवाळ मेल्यावर, पाणी राखाडी दिसायला लागलं की. 36 घनमीटरला एक किलोच्या आसपास, विरघळवून, पीएच 7 ते 7.5 असताना. मल्टिपोर्ट रीसर्क्युलेटवर ठेवून दोन तास फिरवा, मग रात्रभर पंप बंद. सकाळी तळाचा थर व्हॅक्युमने थेट वेस्टला काढा. फिल्टरमधून घेतलात तर वाळूचा गोळा होतो. तुरटी अल्कलिनिटी (ॲसिड पचवण्याची पाण्याची ताकद) खाते, नंतर पीएच तपासा. बोअरवाल्यांना हा तोटा नाही, उलट फायदाच.

बादशहा_७७
ब्लीचिंग पावडर चालेल का? स्वस्त पडते.

नीलहौद
बोअरच्या पाण्यात नको. त्यात चुना असतो, कठीणपणा आणि गढूळपणा दोन्ही वाढतात. आणि टीसीसीएच्या डब्यात किंवा मापात ब्लीचिंगचा एक कणही जाऊ देऊ नका, दोन्ही भेटले की आग लागते, स्फोटही होतो. ॲसिड आणि कुठलंही क्लोरीन शेजारी ठेवू नका.

हिरवळ_नको
पाणी निळसर झालं, तळ दिसतोय. पण रात्री 16 होता तो सकाळी 13. पाहुणे पुढच्या शनिवारवर ढकललेत. आता?

तळ्यात_मळ्यात
रात्री ऊन नसतं, तरी तीन पीपीएम गेला म्हणजे अजून काहीतरी जिवंत आहे. रात्रभरात घट एक पीपीएमपेक्षा कमी, बद्ध (घाणीशी बांधला गेलेला) क्लोरीन अर्ध्या पीपीएमपेक्षा कमी आणि पाणी काचेसारखं, या तीनही अटी जुळेपर्यंत थांबवायचं नाही. पाण्याखालचा दिवा स्क्रू काढून बाहेर घ्या, मागचा कोनाडा हा शेवाळाचा पक्का अड्डा असतो. शिडीच्या पायांच्या टोप्या, स्किमरच्या (वरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाच्या) झडपेमागची बाजू, ओव्हरफ्लोची जाळी हेही घासा. दिव्याची वायर कोनाड्यात गुंडाळलेली असते म्हणून मेन बंद करूनच हात घाला.

हिरवळ_नको
दिव्यामागे बोटभर हिरवा थर होता! घासला. पण पीएच रोज 8 कडे का चढतो?

नीलहौद
अल्कलिनिटी. बोअरला 300–350 असते, कार्बन डायऑक्साइड उडत राहतो आणि पीएच चढतो. ॲसिडने पीएच 7.2 वर आणा, परतीची तोंडं वर वळवून पाणी खळखळू द्या, पीएच चढला की पुन्हा ॲसिड. अल्कलिनिटी 10 पीपीएम उतरवायला तुमच्या पुलात सुमारे पाऊण लिटर ॲसिड लागतं, म्हणून हे काही आठवड्यांचं काम आहे, एका दमात करू नका. 100 च्या आसपास थांबा. यापुढे रोजचा क्लोरीन द्रवच, पंप उन्हाळ्यात किमान आठ तास. टीसीसीए फक्त गावाला जाताना.

कर्जतकर
ते काढलेलं 27 हजार लिटर पाणी बागेला सोडता येतं का? नारळाला?

तळ्यात_मळ्यात
क्लोरीन शून्यावर येऊ द्या, मग नारळाला चालेल, तो क्षार सोसतो. गुलाब, भाज्यांना नको. शॉकच्या काळात, म्हणजे क्लोरीन एवढा चढवलेला असताना, बॅकवॉशचं पाणी कशालाच घालू नका.

बादशहा_७७
आणि गप्पी मासे सोडले तर?