वॉफल मेकर घ्यायचाय, पण माझ्या वॉफलची फाळणी होते! मदत करा

चमचाभर_साखर:

नमस्कार मंडळी, या विषयावर आधी धागा असेल तर सांगा, मला शोधून सापडला नाही.

तर झालंय असं की जाऊबाईंनी त्यांचा वॉफल मेकर महिनाभर वापरायला दिलाय, "करून बघ, जमलं तर स्वतःचा घे" म्हणून. त्यांच्या हातचं वॉफल बाहेरून कुरकुरीत आणि आतून लुसलुशीत असतं. माझ्या हातचं काय झालं ते ऐका. पहिल्या दिवशी झाकण उघडलं तर सरळ फाळणी, अर्धं वॉफल वरच्या प्लेटला, अर्धं खालच्या, आणि मधे ओलं पीठ. मग मशीन गार होईपर्यंत थांबून लाकडी काडीने एकेक खळगा खरवडत बसले, अर्धा तास गेला त्यात. दुसऱ्या दिवशी अख्खं निघालं, खूश झाले, पण प्लेटमधे ठेवून सगळ्यांना हाका मारून ते टेबलावर येईपर्यंत ओल्या पुठ्ठ्यासारखं झालं. मुलगा म्हणाला आई हा पावच आहे ना.

आता प्रश्न दोन. माझं चुकतंय काय, आणि नवीन घ्यायचा तर कसला घ्यावा? गोल का चौकोनी, जाड वॉफलचा का पातळ, तो उलटा फिरवायचा प्रकार असतो तो खरंच कामाचा असतो का नुसता दिखावा, प्लेटा निघणाऱ्या घ्याव्यात का... बघावं तेवढा गोंधळ वाढतोय. आम्ही चौघं आहोत, रोज काही करणार नाही, सुट्टीच्या दिवशी सकाळी एवढंच.

वाफेवर_ठेवा:

अगं मशीनचा काही दोष नाही, तू घाई केलीस. हिरवा लाईट लागला की उघडलंस ना? तो लाईट म्हणजे वॉफल झालं असं नसतं गं, बहुतेक मशीनमधे तो फक्त प्लेटा ठरलेल्या तापमानाला आल्या एवढंच सांगतो. आत पीठ काय अवस्थेत आहे ते त्या बिचाऱ्या लाईटला कसं कळणार. (काही महागड्या मशीनमधे वेगळा टायमर असतो, ते सोड.)

लाईट बघू नकोस, वाफ बघ. पीठ ओतून झाकण लावलं की पहिली दोनेक मिनिटं कडेने भसाभस वाफ येते, मग ती बारीक होत जाते आणि शेवटी अगदी एखादी रेघ दिसते न दिसते अशी राहते. तेव्हा उघडायचं. तोवर पीठातलं पाणी बाहेर पडत असतं, म्हणजे मधला थर अजून कच्चा असतो, आणि तू झाकण ओढलंस की तो कच्चा थरच फाटतो. तुझी फाळणी तिथे झाली. जाड वॉफलला चार-पाच मिनिटं सहज लागतात, कधी सहासुद्धा. झाकण हलकंच उचलून बघायचं, जरा जरी ओढ लागली तर ताबडतोब सोडून द्यायचं आणि अजून एक मिनिट थांबायचं. झालेलं वॉफल स्वतःच सुटतं, भांडत नाही.

आणि वाफेपासून हात लांब ठेव, झाकण उघडताना ती सरळ मनगटावर येते. अनुभवाचे बोल.

बिडाचा_भक्त:

मला विचाराल तर बिडाचा घ्या, गॅसवर ठेवायचा, बास. ना लाईट ना वायर, नीट तेल मुरवलं की वर्षानुवर्षं चिकटत नाही. अर्थात जड आहे, आधी दोन्ही बाजूंनी तापवावा लागतो आणि मधे स्वतः उलटवावा लागतो, आणि पहिली दोन-तीन वॉफल्स वाया जाणार हे धरूनच चालायचं.

अवांतर: हे उलटवायचं तंत्र लोकांना नवीन वाटतं पण अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्थाउट या माणसाने २४ ऑगस्ट १८६९ ला ज्या वॉफल साच्याचं पेटंट घेतलं तो शेगडीवर ठेवून बिजागरीवर फिरवायचाच होता. तिकडे २४ ऑगस्टला वॉफल दिवस पाळतात तो त्यावरूनच.

जुना_खेळाडू:

बिडाचा हौशी लोकांसाठी ठीक आहे हो, पण ताई म्हणतायत सुट्टीच्या सकाळी चौघांना खायला घालायचंय, त्यांना कशाला व्यायाम.

माझ्याकडे आजवर तीन झाले, त्यामुळे घेण्याबद्दल लिहितो. सगळ्यात आधी मागच्या लेबलवर वॅट बघा. गोल की चौकोनी हे त्यापुढे काहीच नाही, चौकोनी तोडायला आणि डब्यात ठेवायला सोपं, एवढाच फरक. माझा पहिला अगदी लहान, ७०० वॅटच्या आसपासचा होता, पहिलं वॉफल चांगलं व्हायचं आणि दुसऱ्यापासून फिकट, कारण गार पीठ पडलं की प्लेटा थंड व्हायच्या आणि परत तापायला वेळ घ्यायच्या. जाड वॉफल करणार असाल तर एका वॉफलच्या मशीनला १००० वॅटच्या आसपास तरी हवेत, एका वेळी चार काढणाऱ्याला त्याहून जास्त. हातात घेऊन बघता आलं तर वजनही बघा, जड प्लेटा उष्णता धरून ठेवतात.

दुसरं, बिजागरी. पीठ फुगलं की झाकणाला थोडं वर यायला जागा हवी, आणि तरी ते समांतर राहायला हवं. माझ्या दुसऱ्या मशीनची बिजागरी एकदम घट्ट होती, सगळं पीठ दाबलं जाऊन पुढून बाहेर, आणि वॉफल एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, पाचरीसारखं.

फिरवायच्या मशीनबद्दल: दिखावा नाहीये, जाड वॉफलमधे पीठ वरच्या प्लेटच्या खळग्यांत नीट पोचतं आणि दोन्ही बाजू सारख्या भाजतात. पण जागा खूप खातं, कपाटात उभं मावत नाही. पातळ वॉफलला त्याची अजिबात गरज नाही. सांडलेलं पीठ धरायला कडेने पन्हळ असलेलं मात्र जरूर घ्या, ते नसलं तर ओट्यावर रांगोळी.

निघणाऱ्या प्लेटा नकोत असं माझं मत. तापवायची तार आणि प्लेट यांच्यात फट राहते, उष्णता कमी पोचते, आणि खिट्ट्या सैल होतात.

मोजूनमापून:

@जुना_खेळाडू, प्लेटांबद्दल असहमत. माझ्याकडे निघणाऱ्या प्लेटांचं चार वर्षं आहे, खिट्टी अजून जशीच्या तशी, आणि प्लेटा सिंकमधे धुता येणं हे काय सुख आहे ते खळगे खरवडणाऱ्यालाच विचारा. न निघणारं मशीन पाण्यात बुडवता येत नाही, मग ओला कपडा घेऊन बसा. जरा सावकाश तापतं हे मान्य, मग मी पीठ कालवायच्या आधीच चालू करते. तसंही लाईट लागल्यावरसुद्धा पाचेक मिनिटं अजून तापू द्यावं.

बरं, ताई, तुम्ही पीठ कसं करता ते लिहिलंच नाहीत. पॅनकेकचंच पीठ ओतत असाल तर पुठ्ठा होणारच. वॉफलमधे लोणी बरंच जास्त लागतं, तेच पृष्ठभाग तळल्यासारखा कुरकुरीत करतं आणि चिकटूही देत नाही. माझं प्रमाण: २२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लॉर, ३ टीस्पून बेकिंग पावडर, २ टेबलस्पून साखर, अर्धा टीस्पून मीठ, २ अंडी, साधारण ४०० मिली दूध आणि १०० ग्रॅम लोणी वितळवून. कॉर्नफ्लॉर वगळू नका, त्याने ग्लुटेन कमी होतं आणि कवच कडक राहतं. साखर मात्र हात राखून, जास्त झाली की आत शिजायच्या आधी बाहेर करपते आणि प्लेटला चिकटते, गोडवा वरून घ्यावा. वेळ असेल तर अंड्यातला पांढरा वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळा, आतून एकदम हलकं होतं. आणि पीठ घोटत बसू नका! बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात, दहा मिनिटं ठेवलं की त्यांच्या त्या भिजतात, गुळगुळीत करायला गेलात की वॉफल चिवट.

मऊ पडायचं कारण: गरम वॉफल सपाट प्लेटमधे ठेवलंत, खालून वाफ निघायला जागा नाही, ती तिथेच पाणी होऊन वॉफलमधे मुरली. जाळीवर ठेवा. एकावर एक तर कधीच रचू नका. चौघांना एकदम द्यायचं असेल तर ओव्हन १०० अंशाला लावून आत जाळीवर ठेवत जा, छान राहतात.

भूक_लागली:

धागा वाचून ऑफिसमधे बसवेना.

अवांतरात माझीही भर: ओरेगॉन विद्यापीठाचे कोच बिल बॉवरमन, नाइकीवाले, यांनी १९७१ मधे बुटाच्या तळासाठी बायकोच्या वॉफल मेकरमधे रबरासारखं रसायन ओतलं आणि आतून काही लावायचं विसरले, मशीन कायमचं चिकटलं. पण नाइकीचा वॉफल सोल निघाला त्यातूनच. तेव्हा @चमचाभर_साखर, तू एकटी नाहीस.

चमचाभर_साखर:

हाहा, काय सांगता! तुम्ही सगळ्यांनी किती छान लिहिलंय. हो, मी पॅनकेकचंच पीठ केलं होतं, कसं ओळखलंत 🙈

अजून थोडं विचारते. नॉनस्टिकवर तो तेलाचा स्प्रे मारू ना? मी भरपूर मारला होता. दुसरं म्हणजे सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी काय करू? आणि हे बेल्जियन बेल्जियन म्हणतात ते नक्की काय, मशीन वेगळं का पीठ वेगळं?

वाफेवर_ठेवा:

स्प्रे नको गं! डब्यातल्या स्प्रेमधे बहुतेक वेळा लेसिथिन असतं, ते नॉनस्टिकवर भाजून चिकट पिवळट थर बसतो, आणि मग त्या थरालाच वॉफल चिकटायला लागतं. म्हणजे चिकटू नये म्हणून मारायचा आणि त्यानेच चिकटायचं. ब्रशने थोडं साधं तेल लाव, लोणी नको, करपतं. पीठात लोणी पुरेसं असलं तर पहिल्यानंतर तेही लागत नाही. थर आधीच बसला असेल तर गार मशीनवर खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून थोडा वेळ ठेव, मऊ टूथब्रशने हळू घास, ओल्या कपड्याने दोन-तीनदा पूस. प्लग काढूनच, हे सांगायला नको. सुरी काटा तर जवळही आणू नकोस.

मोजूनमापून:

अंड्याऐवजी एका अंड्यामागे १ टेबलस्पून जवसाची पूड ३ टेबलस्पून पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवा, बुळबुळीत झाली की घाला. रंग थोडा काळसर येतो आणि हे वॉफल जरा नाजूक असतं, म्हणून पूर्ण वाफ थांबल्यावरही एक मिनिट जास्त. सासूबाईंचं आधी करा, मग अंड्याचं, म्हणजे प्लेटा परत पुसायची कटकट नाही.

बेल्जियन म्हणजे दुकानात ज्याला म्हणतात ते: जाड, खोल खळग्यांचं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हे प्रकरण अमेरिकेत एकदम गाजलं, तिथून नाव पसरलं. खुद्द बेल्जियममधे मात्र एकच एक बेल्जियन वॉफल असं काही नाही. ब्रसेल्सचं वेगळं, यीस्ट घातलेलं पातळसर पीठ, चौकोनी, अगदी हलकं. लिएजचं त्याहून वेगळं, ते पीठ ओतत नाहीत, लोणी घातलेला पावासारखा गोळा असतो आणि त्यात जाड खडे साखर, ती वितळून प्लेटवरच कॅरॅमल होते. चवीला अप्रतिम, पण नवीन मशीनवर पहिल्याच महिन्यात करू नका, साफ करताना रडाल.

जुना_खेळाडू:

आणि पीठ किती ओतता? सात इंची गोल जाड मशीनला पाऊण कप भरपूर होतं. मधे ओता, कडेपर्यंत पसरवू नका, झाकण लावल्यावर पसरतं. पहिलं मुद्दाम थोडं कमी घालून अंदाज घ्या. उरलेली वॉफल्स जाळीवर पूर्ण गार करून फ्रीजरमधे टाका, खाताना न वितळवता थेट टोस्टरमधे. मायक्रोवेव्ह नको, परत पुठ्ठा.

चमचाभर_साखर:

आज केलं!!! लाईट लागला तरी हात आवरला, वाफ जाईपर्यंत नुसती बघत उभी होते, पाच मिनिटं वीस सेकंद (हो, मोजले). झाकण उचललं तर आपलं आपण सुटलं, सगळे खळगे सोनेरी, आणि काटा टेकवल्यावर कर्र आवाज. मुलाने तीन खाल्ली. सासूबाईंचं जवसाचं थोडं कडेला तुटलं पण त्यांनी आवडीने खाल्लं.

१००० वॅटचा, पन्हळवाला, निघणाऱ्या प्लेटांचा बघून ठेवलाय. सॉरी @जुना_खेळाडू, त्या लाकडी काडीचा अर्धा तास आठवला.

आता एक शेवटचं, जरा लाजत विचारतेय. ती काडी बहुतेक मधे मोडली होती, कारण जाऊबाईंच्या मशीनच्या वरच्या प्लेटवर नखाएवढा ओरखडा दिसतोय. पुढच्या आठवड्यात परत द्यायचंय. सांगू का गप्प बसू?

बिडाचा_भक्त:

सांगा हो. पुसताना हाताला लागेलच त्यांच्या.

वाफेवर_ठेवा:

नवा त्यांना दे आणि जुना तू ठेव. नाहीतरी तुझा हात आता त्याच्यावरच बसलाय.