१९९४ची पद्मिनी: ठेवू की विकू? (बडोदा, हातात ८० हजार, वर एक रुपया नाही)

अर्धवट_पद्मिनी
नमस्कार मंडळी. प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, नोंदणी नोव्हेंबर १९९४, जीजे-०६, कागदावर मालक मी एकटाच. हँडल गिअर (स्टिअरिंगलगतचा) शाबूत आहे. रंगासाठी उघडली, दारं-बॉनेट घासून प्रायमर मारला आणि तेवढ्यात ऑगस्ट २०२४चा विश्वामित्रीचा पूर आला. पाणी सीटच्या खालच्या कडेपर्यंत होतं. तेव्हापासून गाडी उभीच आहे. त्याआधी चालू होती, पण चढावर दम तोडायची.
आजवर १ लाख ४० हजार घातलेत. आता हातात ८० हजार आहेत. सोसायटीने मार्चअखेरपर्यंत जागा रिकामी करायला सांगितलंय. एकजण आहे तशी ७५ हजारांना मागतोय, भंगारवाला वजनावर २४ हजार म्हणतो. नोंदणीची मुदत नोव्हेंबर २०२४ला संपली.
ठेवू की विकू? बजेट ८० आहे, कृपया ते धरूनच सांगा.

कार्बोरेटरवाला
विकू नका. नीट करायची तर पुरती करा. पूर्ण पत्रा, इंजिन, अपहोल्स्ट्री, क्रोम, सगळं धरून साडेतीन-चार लाख. त्याखाली हात घालण्यात अर्थ नाही.

अर्धवट_पद्मिनी
८० हजार, साहेब.

कार्बोरेटरवाला
हो, वाचलं. टप्प्याटप्प्याने करा.

लष्कर_ग्वाल्हेर
७५ हजार मिळतायत तर आज संध्याकाळी द्या. आमच्याकडे व्यापार मेळा चालू आहे, नव्या गाडीवर रोड टॅक्समध्ये सूट असते. नवी घ्या, निवांत फिरा.

सयाजीगंज_सायकलवाला
ग्वाल्हेरच्या मेळ्यातली सूट मध्य प्रदेशच्या नोंदणीला. यांनी बडोद्यात राहून एमपीची पाटी का लावायची?

मकरपुरा_टर्नर
ठेवा की विका हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही. आधी दोन गोष्टी तपासा. खर्च फार तर पाचशे.

पहिली, पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालचे सिल आणि आतल्या पेट्या हाच सांगाडा. आतलं कार्पेट आणि त्याखालचं डांबरी अस्तर काढा (पुराचं पाणी अस्तराखाली महिनोन् महिने टिकतं, वरून कोरडं दिसतं). जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन चार जागी टोचा: दोन्ही सिल आतून, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे आणि मागचे पाटे (स्प्रिंग) जिथे बॉडीला टांगलेत ते हँगर. नुसतं फ्लोअर गेलं असेल तर ती चादर आहे, बदलता येते. हँगरमध्ये स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर गाडी विका, विचारच करू नका. चालत्या गाडीत पाटा हँगर सोडतो तेव्हा मागचा आस तिरका होतो.

दुसरी, कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते. आधी मात्र सेल्फ (स्टार्टर) मारायचा नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात १० मिली इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी पुढून इंजिन फिरवायचं हँडल घालून हाताने दोन-तीन फेरे फिरवा. आत पाणी असेल तर प्लगच्या भोकातून उडून जाईल. प्लग लावलेले असताना सेल्फ मारलात आणि सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.
फिरलं की जुनं तेल काढा. कॉफीसारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेलही काढून बघा. लोक इंजिनचं बदलतात आणि या दोघांना विसरतात.
मग बॅटरी फुल चार्ज, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्लग चारही बाहेर. गेज एकेका भोकात लावून पाच-सहा फेरे. आकडे इथे टाका.

हँडलगिअर
+१ टर्नर. पत्रा आणि कंप्रेशन.

इंदूरी_पोहे
आधी पत्रा बघा. मग कंप्रेशन. बाकी नंतर.
अवांतर: या इंजिनापेक्षा अ‍ॅम्बेसेडरचं बरं.

कार्बोरेटरवाला
अ‍ॅम्बेसेडरचा विषय काढू नका. आमच्या १०८९ सीसीला अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचं वरचं झाकण) होतं, हलकं आणि फिरायला मोकळं.

इंदूरी_पोहे
अ‍ॅल्युमिनियमचं हेड म्हणून तर एकदा तापलं की वाकतं.

कार्बोरेटरवाला
तापू द्यायचं कशाला? रेडिएटरची कोअर साफ ठेवा, फॅन बेल्ट अंगठ्याने अर्धा इंच दबेल एवढाच ताणा.

दर्जीपुरा_फाइल
कागदांचं कुणीच बोललं नाही. २० वर्षांवरच्या खाजगी मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून १० हजार आहे, आधी ५ होतं. मुदत टळल्याचे महिन्याला ५०० वेगळे. तुमचे १४ महिने धरले तर ७ हजार. म्हणजे १७. चलनात पोर्टल जे दाखवेल ते शेवटचं. क्रम असा: आधी इन्शुरन्स, मग पीयूसी, मग फॉर्म २५ (नूतनीकरणाचा अर्ज), मग दर्जीपुऱ्याला गाडी दाखवणं आणि चासी नंबरची पेन्सिल प्रिंट. १००० ते १५०० सीसीचा थर्ड पार्टी ३४१६ अधिक जीएसटी, चार हजार धरा.
पत्र्याचं काम काढाल तेव्हा डेंटरला आधीच बजावा: चासी नंबर कोरलेल्या पत्र्याला कटर लावायचा नाही, त्यावर लांबी (पुट्टी) भरायची नाही. नंबर वाचता आला नाही तर पुढे सगळंच अडतं.
आणि विकलीत तर फॉर्म २९, ३० वर (नाव बदलायचे अर्ज) सह्या करून मोकळे होऊ नका. नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईला नोंदलेला मालकच जबाबदार, सुप्रीम कोर्टाचा २०१८चा निकाल आहे. मुदत संपलेल्या गाडीचं नाव बदलायला अडकतं. तो ७५वाला "आहे तशी" म्हणतोय त्याचा अर्थ तुमच्या नावावरच फिरवणार किंवा सुटे करून विकणार.

सयाजीगंज_सायकलवाला
१५ वर्षांवरच्या गाड्या बंदच झाल्या ना? मग नूतनीकरण कसलं?

दर्जीपुरा_फाइल
१० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल ही भानगड दिल्ली-एनसीआरची. इथे तपासणीत पास झाली की पुढची ५ वर्षं.

जुनं_ते_सोनं
व्हिंटेजमध्ये नोंदवा, सगळे त्रास संपतात. राजवाड्यावर प्रदर्शनात लावता येईल.

दर्जीपुरा_फाइल
व्हिंटेजला ५० वर्षं पूर्ण लागतात. ही २०४४ला होईल. नोंदणी २० हजार, पाटीवर व्हीए, आणि रोज वापरायला परवानगी नाही. यांना दूध आणायला जायचं असेल तर?

लष्कर_ग्वाल्हेर
मग अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या. डिपॉझिटचं सर्टिफिकेट मिळतं, नव्या खाजगी गाडीच्या रोड टॅक्सवर २५ टक्क्यांपर्यंत सूट. भंगारवाल्याला २४ हजारांत दिलीत तर ते मिळत नाही, आणि नोंदणीही तुमच्याच नावावर राहते.

हँडलगिअर
या धाग्यातलं ग्वाल्हेरचं हे पहिलं कामाचं वाक्य.

फतेगंज_पंक्चर
टायर किती जुने आहेत?

जुनं_ते_सोनं
टायर शेवटी बघतात हो. आधी पेट्रोलचं बोला. हे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाड्यांचं वाटोळं करतंय.

कार्बोरेटरवाला
वाटोळं नाही, रबर खातं. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम, टाकीपासून पंपापर्यंतचा आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा होज, फ्लोटच्या नीडलचं टोक. जुनं रबर फुगतं किंवा चिकट होतं. इथेनॉल सोसणारा होज मीटरवर मिळतो, तो घाला. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जास्त पाणी झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. तुमची टाकी वर्षाहून जास्त उभी आहे, शिवाय पुराची. रिकामी करून, धुऊन, वाळवूनच नवं भरा. मिश्रण थोडं पातळ पडतं, प्लगचं टोक पांढरं दिसलं तर मेन जेट एक नंबर मोठा.

जुनं_ते_सोनं
मी बाटलीतलं औषध घालतो टाकीत. काही होत नाही.

कार्बोरेटरवाला
काही होत नाही हे औषधाबद्दलही खरं आहे.

अर्धवट_पद्मिनी
टर्नर, केलं. मांडवीतून गेज भाड्याने आणला.
इंजिन हाताने फिरलं, प्लगच्या भोकातून पाणी नाही आलं. इंजिन ऑइल काळं आहे, दुधाळ नाही. डिफरन्शियलचं मात्र कॉफी.
कंप्रेशन पुढून: १२०, ११८, ६५, ६५.
फ्लोअर: ड्रायव्हरच्या पायाखाली हात जाईल एवढं भोक, मागे डावीकडे दुसरं. सिल टणक. उजवा हँगर टणक. डाव्या हँगरमध्ये स्क्रूड्रायव्हर गेला.

लष्कर_ग्वाल्हेर
झालं. टर्नरनीच सांगितलंय, विका.

हँडलगिअर
६५ म्हणजे रिंगा गेल्या. बोअर, पिस्टन, ५० हजार. विका.

मकरपुरा_टर्नर
थांबा. ३ आणि ४ मध्ये चमचाभर तेल घालून परत गेज लावा. काटा चढला तर रिंग किंवा बोअर. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली सील).

अर्धवट_पद्मिनी
६८, ६७. हलला नाही म्हणायचा.

मकरपुरा_टर्नर
शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकसारखे पडलेत आणि तेलाने फरक नाही. ३ आणि ४च्या मधली गॅस्केटची पट्टी जळलीय, एकाचा दाब दुसऱ्यात जातो. चढावर दम तोडायची तो हाच. पाण्याच्या वाटेपर्यंत जळालं नाही म्हणून तेल दुधाळ नाही.
हेड इंजिन गार असतानाच काढा, नट बाहेरून आत या क्रमाने, पाव-पाव फेरा. हेडवर स्टीलची सरळ पट्टी लांबीला आणि दोन्ही तिरक्यांना ठेवून खालून फीलर घाला. ०.०५ मिलिमीटरची पात शिरली तर सरफेस मारून (मशीनवर सपाट करून) घ्या, लागेल तेवढाच. बसवताना नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क मॅन्युअलमधला. ५०० किलोमीटरनंतर गार इंजिनवर परत कसा, मग टॅपेटचं (व्हॉल्व्हचं) अंतर लावा. हे कसणं टाळलं की गॅस्केट परत जाते आणि शिव्या गॅस्केटला बसतात. सरफेससकट सहा-सात हजार.
पण हँगरचं माझं मत तेच. विका. फक्त आता चालू गाडी म्हणून विका.

दर्जीपुरा_फाइल
नूतनीकरण करून, नाव बदलून विका. अनुमोदन.

कार्बोरेटरवाला
विकू नका, तीन लाख जमवा, मग एकदाच करा. तोवर कुठेतरी झाकून ठेवा.

मकरपुरा_टर्नर
झाकून ठेवायची तर ताडपत्री बॉडीला चिकटू देऊ नका, खाली वाफ धरते. आणि चार स्टँडवर उचला.

अर्धवट_पद्मिनी
सगळ्यांचे आभार. ठरलं. विकत नाही आणि तीन लाखही जमवत नाही.
एका डेंटरला हँगर दाखवला. आतल्या पेटीचा पुढचा भाग जाड आहे, फक्त शेवटचे सहा इंच गेलेत. तो भाग कापून नवा हँगर बनवायचा आणि पेटीवर पुढे चार इंच चढवून वेल्ड करायचा. दोन्ही फ्लोअरसह ४२ हजार. सीट, रंग, क्रोम काही नाही. प्रायमरवरच फिरेन.
हिशोब: पत्रा ४२, गॅस्केट आणि सरफेस ७, ब्रेकची चारही व्हील सिलिंडर किट, मास्टर किट, रबरी होज आणि तेल मिळून ९, नूतनीकरण १७, इन्शुरन्स ४. एकूण ७९.

मकरपुरा_टर्नर
मला पटलेलं नाही, पण करताच आहात तर ऐका. कापायच्या आधी दारांच्या खांबांमध्ये अँगल आडवा लावून पक्का करा, नाहीतर फ्लोअर कापल्यावर बॉडी बसते आणि दारं लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू. पत्रा १८ गेज सीआर (साधा), जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो आणि टाका फुगतो. मिग वेल्डिंगच मागा, गॅसने पातळ पत्रा वेडावाकडा होतो. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधी बाहेर. झाल्यावर झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, खालून अंडरकोट, पेटीची पाणी निघायची भोकं मोकळी. व्हील सिलिंडर उघडल्यावर आत खड्डे दिसले तर किट घालून उपयोग नाही, अख्खा सिलिंडर बदला.
आणि डिफरन्शियलचं तेल धरलेलं दिसत नाही.

अर्धवट_पद्मिनी
उरलेल्या हजारात.

लष्कर_ग्वाल्हेर
७५ हजार सोडले. कमाल आहे.

दर्जीपुरा_फाइल
पत्रा आधी, दर्जीपुरा नंतर. भोकासकट नेलीत तर नापास करतील आणि फेरा वाया.

फतेगंज_पंक्चर
मी मघाशी विचारलं होतं. ५.२०-१४चे टायर आहेत ना? बाजूला डॉटच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. उभ्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असली तरी कडेने तडकतो. आकडे काय आहेत?

अर्धवट_पद्मिनी
१८१२. चारही.