मृत्युचिंता की मरणाची भीती? आणि अरबी भाषिक की भाषक?

खडू: एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. अरब देशांतल्या विद्यापीठांमधल्या मुलामुलींना मरणाची भीती किती वाटते, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्यांवर. लेखाचा गाभा म्हणजे इजिप्तचे मानसशास्त्रज्ञ अहमद अब्देल-खालेक यांची २० विधानांची मापनी. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यासाठी इजिप्त, कुवेत आणि सीरियातल्या विद्यार्थ्यांकडून उत्तरं घेतली होती. अरबी नावात ‘कलक अल-मौत’ आहे. भीतीला अरबीत ‘खौफ’, कलक म्हणजे चिंता. म्हणून मी ‘मृत्युचिंता’ लिहिलं. संपादकांचं म्हणणं, चिंता पोरांच्या नोकरीची करतात, मरणाची वाटते ती भीती. शिवाय ‘अरबी भाषिक विद्यार्थी’ बरोबर आहे का?

तिरकस: दुसरं आधी निकालात काढू. भाषिक म्हणजे भाषेविषयीचा: भाषिक वाद, भाषिक प्रांतरचना. बोलणारा तो भाषक. म्हणून अरबीभाषक, एक शब्द. नुसतं ‘अरब विद्यार्थी’ करू नका. सीरियातला कुर्द मुलगा अरबीतून शिकतो, तीच प्रश्नावली भरतो, पण तो अरब नाही. आणि ‘अरबी विद्यार्थी’ म्हटलं की मला तरी घोडा दिसतो.

शब्दवेल्हाळ: संपादकांचा कान चांगला आहे, पण शीर्षकाला तो लावू नका. मराठीत ‘मला मरणाची चिंता नाही, मागे राहणाऱ्यांची आहे’ असं आपण सहज म्हणतो. म्हणजे चिंता बहुधा दुसऱ्याची किंवा पुढच्याची, भीती स्वतःच्या जिवाची. आता या मापनीतली विधानं बघा. प्रेताकडे बघायची भीती, कबरस्तानातून चालताना उडणारा थरकाप, कॅन्सर होईल ही भीती, झोपेतून जागच आली नाही तर, जवळचं माणूस मृत्यू हिरावून नेईल, मेल्यावर काय होईल याचेच विचार. एकट्या ‘भीती’त हे सगळं कसं मावणार? विश्लेषणात याचे चार गट पडले: मृतदेह आणि कबरी, मरणानंतरच्या गोष्टी, जीवघेणे आजार, आणि मरणाचा सततचा विचार. हा चौथा गट तर भीतीपेक्षा घोर लागण्याच्या जवळचा.

म्हणून मापनीच्या नावात मृत्युचिंता (काही जण दुश्चिंता लिहितात, मला तो शब्द दवाखान्यातला वाटतो), आणि विधानांत मात्र जिथे जे शोभेल ते: भीती, धास्ती, थरकाप, अस्वस्थ होणं. सगळीकडे ‘भीती वाटते’ चिकटवलंत तर वाचणारा पाचव्या विधानापासून न वाचताच खुणा करत सुटेल.

मीठभाकर: पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टेम्पलर यांची मृत्युचिंतेची १९७० ची मापनी आधीपासून होती ना? अरबी अनुवादही झाला होता. मग नवी कशाला?

शब्दवेल्हाळ: अनुवाद खुद्द अब्देल-खालेक यांनीच केला होता. टेम्पलर यांची १५ विधानं, उत्तर फक्त बरोबर किंवा चूक. त्यात मरणोत्तर जीवनावर एक मोघम विधान आहे, तिसऱ्या महायुद्धावरही एक आहे, पण कबरीतल्या यातनांवर नाही. मुस्लिम घरात वाढलेल्या मुलासाठी ‘अझाब अल-कब्र’ ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. ती न विचारता त्याची भीती मोजली, तर आकडा येईल, पण कशाचा?

आणखी एक अडचण उलट विधानांची. ‘मला मरणाची मुळीच भीती वाटत नाही’ याला ‘चूक’ म्हणायचं, म्हणजे भीती वाटते. मराठीत तर ‘नाही वाटत का?’ला कुणी ‘हो’ म्हणतं, कुणी ‘नाही’, आणि दोघांच्या मनात तेच असतं. २००४ च्या मापनीत अशी उलटी विधानं नाहीत.

तिरकस: अवांतर. मापनीला अरबीत ‘मिक्यास’. त्याच धातूतून ‘कियास’, आणि आपला ‘कयास’. तिकडे मोजमाप, इकडे अंदाज. मानसशास्त्रवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये. प्रश्नावलीला ‘इस्तिबयान’, आपलं ‘बयान’ त्याच कुळातलं.

खडू: हाहा, हे चौकटीत घालते. लेखात पुढे मानसोपचाराबद्दलचा या विद्यार्थ्यांचा... अभिवृत्ती म्हणू की दृष्टिकोन?

मीठभाकर: पाठ्यपुस्तकात अभिवृत्ती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२८ मध्ये ती मोजता येते असं मांडलं, तेव्हापासूनची ही शाखा. तिथे पारिभाषिक शब्दच हवा. दृष्टिकोन विचारपूर्वक घेतलेला वाटतो, अभिवृत्तीत आवडनिवड आणि वागण्याचा ओढाही येतो.

शब्दवेल्हाळ: अरबीत ‘इत्तिजाह’, म्हणजे दिशा, तोंड जिकडे वळलंय ती. मराठीत ‘कल’ अगदी तोच. पहिल्यांदा ‘अभिवृत्ती, म्हणजे मनाचा कल’ लिहा, पुढे नुसतं अभिवृत्ती.

खडू: चालेल. उत्तरांच्या पाच पायऱ्या अशा केल्या आहेत: नाही, थोडी, मध्यम, बरीच, फार. आईला विचारलं, ती म्हणाली ‘बरीच’ म्हणजे ‘बऱ्यापैकी’, मध्यमच की ते.

तिरकस: मग चौथी ‘खूप’ करा.

मीठभाकर: आमच्याकडे खूप आणि फार एकच.

शब्दवेल्हाळ: ‘बरीच’ राहू द्या, पण शब्दांखाली १ ते ५ आकडे छापा.