४०४ च्या फोनमध्ये थेंब, ग्रुपवर पूर

४०४ काका: नमस्कार मंडळी. विषय सोसायटीचा नाही, सेक्रेटरी साहेबांनी आधीच माफ करावं. फोनला चार्जर लावला की पाण्याचा थेंब दिसतो आणि 'चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे, केबल काढा' असं येतं. आज चौथा दिवस. फोन पाण्यात पडलेला नाही, कुठे भिजलेला नाही. बॅटरी १४ टक्के. कुणाला काही माहीत असल्यास लवकर सांगावे.

२०१ मावशी: तांदळाच्या डब्यात ठेवा रात्रभर. सकाळी ठणठणीत.

७०१: काका, ग्रुप वाचून फोनला घाम फुटला असेल

४०४ काका: विनोद नंतर. १३ टक्के.

१०१ ताई: लिफ्टबद्दल मी लिहिलं तेव्हा 'ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय' असं कोणीतरी सुनावलं होतं. नाव आठवत नाहीये.

४०४ काका: ताई, ते फॉरवर्डबद्दल होतं. तुम्ही लिफ्टबरोबर अकरा सुविचार पाठवले होते.

१०१ ताई: मोजले वाटतं. बरं.

३०३: काका, आधी एक. चार्जर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. यूएसबी-सीच्या पोर्टमध्ये २४ पिना अगदी चिकटून असतात. त्यातल्या एक-दोन पिनांवर फोन बारीकसा करंट सोडून तपासत असतो. पोर्ट कोरडा असेल तर तो करंट कुठे जात नाही. पाणी, घाम, साबण, काहीही आत असलं की त्याला वाट फुटते आणि फोन चार्जिंग बंद करतो. ते बरोबरच करतो. ओल्या पिनांवर व्होल्टेज आलं की त्या झिजतात, गंजतात, आणि मग पोर्टच बदलावा लागतो.

४०४ काका: पण माझा आयपी६८ आहे. दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो असं खोक्यावर छापलंय. मग दोन थेंबांना एवढा का घाबरतो?

३०३: त्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. ती चाचणी नव्या फोनची, गोड्या पाण्यात, आणि केबल न लावता. पाणी फोनच्या पोटात जाणार नाही एवढीच हमी. पोर्ट तर बाहेरच उघडा आहे, तो ओला होणारच. ओला पोर्ट चार्ज करा असं कुणीही म्हटलेलं नाही.

२०१ मावशी: म्हणूनच म्हणते, तांदूळ.

६०२: आयफोनला पण येतं हे. तिथे 'इमर्जन्सी ओव्हरराइड' असं बटण येतं. दाबलं की चार्ज होतो. संपला विषय.

३०३: ते खरंच जिवावर बेतलं तर दाबायचं. रील बघायला नाही.

६०२: मी फक्त माहिती दिली. प्रत्येक वेळी शिकवायलाच पाहिजे असं नाही.

७०१: हेअर ड्रायर?

३०३: नको. गरम हवेने आतली सील ढिली पडतात आणि पाणी आणखी आत ढकललं जातं.

१०१ ताई: मी मारला होता मागच्या वर्षी. काही झालं नाही.

३०३: ठीक आहे ताई.

६०२: ॲपलच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. पोर्ट खाली करून फोन हातावर हळूच आपटा, हवेशीर कोरड्या जागी ठेवा, किमान ३० मिनिटांनी पुन्हा लावून बघा. पूर्ण वाळायला २४ तास लागू शकतात. कापसाची काडी, टिश्यू आत घालू नका. आणि तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होतं. मावशी, सॉरी, मी नाही म्हणत, ते म्हणतात.

२०१ मावशी: आमच्या भाच्याचा फोन बादलीत पडला होता. तांदळानेच वाचला. कंपनीला काय कळतंय.

३०३: मावशी, तो नुसता पंख्याखाली ठेवला असता तरी वाचला असता. वाळवते ती हवा. श्रेय तांदळाला.

२०१ मावशी: बघा बुवा. मी सांगायचं काम केलं.

सेक्रेटरी: कृपया चर्चा थोडक्यात आटोपावी. उद्या सकाळी टाकी धुणार आहेत, पाणी ९ ते १२ बंद. हा मेसेज दुसऱ्यांदा टाकतोय, वर वाहून गेला होता.

७०१: म्हणजे उद्या तरी काकांचा फोन कोरडा राहील

४०४ काका: ११ टक्के. ३०३ सर, चार दिवसांत कुठलाही ओलावा वाळायला हवा ना? मी रोज फोन खिडकीत ठेवतो.

३०३: हवा. तोच मुद्दा आहे. एक दिवस आला तर पाणी समजायचं. चार दिवस येत असेल तर कारण दुसरं. तोवर वायरलेस चार्जर कोणाकडे असेल तर फोनची पाठ पुसून त्यावर ठेवा, त्यात पोर्टचा संबंधच येत नाही.

६०२: माझ्याकडे आहे पॅड. खाली पाठवतो. पण काका, दोन महिन्यांपूर्वी शिडी नेली होती तुम्ही.

४०४ काका: शिडी मी २०३ ला दिली.

६०२: माझी शिडी तुम्ही २०३ ला दिली. छान.

७०१: काका, सेटिंगमध्ये जाऊन सिस्टिम ॲप दाखवायचे, त्यातल्या यूएसबी सेटिंग्जचा डेटा पुसायचा. एका मित्राचा थेंब त्याने गेला.

३०३: सॅमसंगवर करतात तसं. पण पोर्ट खरंच कोरडा आहे आणि इशारा नुसता अडकून बसलाय याची खात्री असेल तरच. नाहीतर धूर निघत असताना अलार्म काढून ठेवल्यासारखं.

४०४ काका: माझा सॅमसंग नाही. पॅडवर ठेवलाय. १२ झाले. ६०२ चे आभार.

२०१ मावशी: पॅडसकट तांदळात ठेवा.

३०३: काका, नीट उत्तर द्या. केबल लावलेली नसताना थेंब येतो का?

४०४ काका: नाही. लावल्यावरच.

३०३: आणि दुसऱ्या कोणाची केबल लावून पाहिलीत?

४०४ काका: काल मुलीकडे गेलो होतो, तिच्या केबलवर ८० पर्यंत झाला. घरी आलो, आपली लावली, परत थेंब.

३०३: अहो काका, हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगायचं ना!!

१०१ ताई: पन्नास मेसेज झाले.

४०४ काका: मला वाटलं तिच्या घरची हवा चांगली.

३०३: फोन ठीक आहे, केबल ओली आहे. किंवा टोक गंजलंय. गंज आणि क्षार पण करंटला वाट देतात, फोनला तो ओलावाच वाटतो. टॉर्च मारून केबलच्या टोकाचा फोटो टाका.

४०४ काका: फोटो

७०१: शेवाळ!

३०३: हिरवट दिसतंय ना, तेच. ही केबल आजच टाकून द्या. पुसून वापरू नका. हिची दुसरी बाजू चार्जरला जाते ती मोठी चपटी आहे का?

४०४ काका: हो. जुना चार्जर आहे.

३०३: आणि चार्जरचं बटण कायम चालू?

४०४ काका: कायम म्हणजे, रात्री झोपेत कोण चाचपडणार.

४०४ काकू: गेली दोन वर्षं रोज सांगते, बटण बंद करा. रोज.

३०३: काकू बरोबर आहेत. दोन्ही बाजूंनी सी असलेल्या केबलमध्ये फोन जोडेपर्यंत वीज येत नाही. पण ही जुनी मोठ्या टोकाची केबल चालू चार्जरला लावून ठेवली की तिच्या मोकळ्या टोकावर चोवीस तास ५ व्होल्ट असतात. कोरड्या जागी काही होत नाही. ओलसर जागी मात्र ती पिन गंजत राहते. केबल असते कुठे?

४०४ काका: पलंगाशेजारी. भिंतीला टेकून खाली पडलेली असते.

१०१ ताई: कोणती भिंत?

७०१: अरेरे

४०४ काका: तीच. जिच्याबद्दल मी मार्चपासून लिहितोय.

५०४: मी मुद्दाम इतका वेळ गप्प होतो. काकांच्या पहिल्या मेसेजलाच घरात म्हटलं होतं, हे वर चढत चढत आपल्याकडेच येणार.

४०४ काका: मी तुमचं नाव घेतलं का?

५०४: नाही, भिंतीचं घेतलंत. सर्वांच्या माहितीसाठी: बाथरूमच्या सांध्यात ग्राउट भरून झालंय. प्लंबर दोनदा तुमच्याकडे भिंत बघायला आला, दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

४०४ काका: दुपारी अडीचला कोण येतं? माणूस झोपतो.

५०४: फोन केला होता त्याने.

४०४ काका: फोन चार्ज नव्हता.

७०१: हे बरोबर आहे मात्र

सेक्रेटरी: गळतीचा विषय मीटिंगमध्ये. इथे फक्त फोन. आणि फोनही आता पुरे.

२०१ मावशी: भिंतीला तांदूळ चालत नाही, तिला चुना लागतो.

३०३: काका, शेवटचं. नवी केबल लावायच्या आधी फोन पूर्ण बंद करून पोर्टमध्ये टॉर्चने बघा. खिशातला कापूस आत दाबून बसतो आणि ओल धरून ठेवतो. लाकडी टूथपिकने कडेकडेने हळू काढा. मधली पातळ पट्टी असते तिला धक्का नको. सुई, पिन, सेफ्टी पिन अजिबात नाही.

७०१: फोन बंद झाला काकांचा. वीस मिनिटं शांतता मिळाली.

४०४ काका: ऐकू येतं मला. काढलं. राखाडी कापसाचा चपटा गोळा निघाला. आणि एक पांढरा तुकडा, टणक. हा कसला?

४०४ काकू: तो तांदळाचा. परवा दुपारी तुम्ही झोपला होता तेव्हा ठेवला होता डब्यात. मावशींनी मला वेगळा मेसेज केला होता.

३०३: .

६०२: हाहाहाहा

२०१ मावशी: कणी वापरली असणार. कणी चालत नाही, अख्खा लागतो.

४०४ काका: मुलाची केबल लावली. थेंब नाही. ३१ टक्के. ३०३ सरांचे मनापासून आभार. जुनी केबल कचऱ्यात. चार्जर दुसऱ्या भिंतीवर नेला.

४०४ काकू: बटण?

४०४ काका: बंद करतोय.

५०४: काका, प्लंबर रविवारी ११ ला येईल. मी स्वतः घेऊन येतो.

४०४ काका: या. बेल दोनदा वाजवा.

६०२: पॅड सकाळी वॉचमनकडे ठेवा. घाई नाही. शिडीची आहे.